गाडीची झोपमोड

क्लॅरी पायबस पोटावर पडून गाडीखाली टॉर्च मारत होता आणि त्याला काही म्हणता काही सापडत नव्हतं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी पोटावर पडणं सोपं असतं, उठणं अवघड. तेव्हा पडलोच आहोत तर नीट बघून घेऊ, असा विचार करून तो पंधरा मिनिटं तसाच पडून होता. आदल्या दिवशी त्याने गाडीखाली एक मोठा पुठ्ठा सरकवून ठेवला होता. चाळीस वर्षं गॅरेज चालवलेल्या माणसाचा हा पहिला इलाज. काही गळत असेल तर पुठ्ठ्यावर डाग पडतो, आणि डाग बोलतो. काळा असेल तर ऑइल, लालसर असेल तर गिअरचं तेल, हिरवट असेल तर रेडिएटर. पुठ्ठा कोरा करकरीत होता. तरीही गाडीतून रोज तीन टक्के कुठेतरी जात होते.

वीज गळली तर डाग कुठल्या रंगाचा पडत असेल, असं त्याच्या मनात आलं आणि त्याचं त्यालाच ओशाळल्यासारखं झालं. बरं झालं, शेडमध्ये ऐकायला कोणी नव्हतं.

गाडी त्याची नव्हती. विजेवर चालणाऱ्या वस्तूला गाडी म्हणायलाच मुळात त्याचा विरोध होता. ती त्याच्या मुलीची, टेगनची. टेगन अंटार्क्टिकातल्या एका संशोधन तळावर जनरेटर सांभाळायला गेली होती. बापाच्याच गॅरेजमध्ये पाना धरायला शिकलेली, डिझेल इंजिनांची पक्की मेकॅनिक. आणि दिवसभर डिझेलमध्ये हात काळे करून ही बाई घरी जायची ती विजेच्या गाडीतून! क्लॅरीने ते फार मनाला लावून घेतलं होतं. लोहाराच्या पोरीने लाकडी विळा विकत आणावा, तसलाच प्रकार. फेब्रुवारीत होबार्टहून जहाजाने ती गेली, ती नोव्हेंबरअखेर परत येणार होती. दहा महिने गाडी बापाच्या शेडमध्ये.

आता विरोध असूनही त्याने ती ठेवून कशी घेतली, तर त्यामागे एक करार होता, आणि करारामागे एक भांडण.

दोन वर्षांपूर्वी क्लॅरीच्या छातीत दुखलं होतं. तो स्वतः गाडी चालवत होबार्टच्या इस्पितळात गेला, तिथे चार दिवस पडून राहिला, हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवून घेतली आणि स्वतः गाडी चालवत घरी आला. मुलीला अवाक्षर बोलला नाही. टेगनला ते कळलं दीड महिन्याने, तेही गावच्या, टिनपॉट बेच्या पोस्टात, तिकिटं घेताना. पोस्टातली ऊना सहज म्हणाली, "बाबांची छाती आता बरी आहे ना?" त्या दिवशी पायबसांच्या स्वयंपाकघरात जे भांडण झालं, ते खाडीपलीकडच्या लोकांनीही ऐकलं म्हणतात. तेव्हापासून टेगन घरी आली की तिच्या पिशवीत होबार्टच्या एका वृद्धनिवासाचं रंगीत माहितीपत्रक असायचं. तिथे प्रत्येक खोलीत बटण असतं. दाबलं की नर्स येते.

"मला बटण दाबून माणसं बोलवायची सवय नाही," क्लॅरी म्हणायचा.

"तुला तोंड उघडून बोलवायचीही सवय नाही," टेगन म्हणायची.

शेवटी जानेवारीत, स्कॅलप-पाय, म्हणजे शिंपल्यांची पेस्ट्री, खाता खाता, करार झाला. टेगन म्हणाली, "माझी गाडी सांभाळ. पण मी सांगते तशी. तुझी अक्कल चालवायची नाही. नोव्हेंबरात आल्यावर बॅटरी होती तशी मिळाली, तर वृद्धनिवासाचं नाव काढणार नाही, जन्मात नाही. नाही मिळाली, तर निमूट बॅग भरायची."

"चाळीस वर्षं गावाच्या गाड्या सांभाळल्या मी."

"मग ही एक काय जड आहे?"

दोघांनी हात मिळवले. म्हणजे पुठ्ठ्यावरच्या त्या नसलेल्या डागात क्लॅरीचं घर अडकलं होतं, सफरचंदाची अकरा झाडं, खाडीवरची सकाळ, आणि जिथे त्याची बायको गेली ती पुढची खोली. तीन टक्के रोज.

टेगनने जाताना शेडच्या भिंतीवर कागद चिकटवला होता. पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेव, असं त्यात लिहिलं होतं. शंभर करू नकोस, भरून ठेवलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. वीसच्या खाली जाऊ देऊ नकोस, रिकामी राहिली की ती मरते. महिन्यातून एकदा साध्या प्लगवर लावून पन्नासवर आण आणि काढ. गाडीतला राखणीचा कॅमेरा बंद केलाय तो बंदच राहू दे. आणि बाकी वेळ तिला झोपू दे. या 'झोपू दे'खाली दोन रेघा होत्या.

यातलं 'शंभर करू नकोस' हेच त्याला पहिल्यांदा झेपेना. दुसऱ्याची गाडी हाताशी आली तर टाकी काठोकाठ भरून परत करायची, हे टिनपॉट बेचं बाळकडू. अर्धी टाकी ठेवून गाडी परत करणाऱ्या माणसाला तिथे कोणी दुसऱ्यांदा शिडीसुद्धा उसनी देत नाही. प्लग लावला की क्लॅरीचे हात शिवशिवायचे. पन्नास झाले, अजून एवढी जागा रिकामी, आणि आपण काढायचं? पण त्याने मन मारलं. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, तीन महिने गाडी शहाण्या मुलासारखी झोपली. महिन्याकाठी दोन टक्के कमी व्हायचे, तो ते भरायचा. पबमध्ये त्याने दोनदा बढाईही मारून घेतली.

मग मे, म्हणजे दक्षिण गोलार्धातला हिवाळा, उजाडला. दक्षिणेचा वारा सुटला आणि क्लॅरीची पाठ धरली.

ती सीट त्याला अपघातानेच सापडली. टायरमधली हवा बघायला म्हणून गेला, जरा टेकावं म्हणून आत बसला, पडद्यावर सीटचं चित्र दिसलं, त्यावर बोट लागलं, आणि दोन मिनिटांत त्याच्या पाठीखालून अशी ऊब चढली की त्याचे डोळे मिटले. तेव्हापासून रोज दुपारी चार वाजता तो चहाचा थर्मास घेऊन शेडमध्ये जायचा, गाडीचं दार उघडायचा, आत बसायचा, सीट तापवायचा, शनिवार असेल तर रेडिओवर फुटीचा, म्हणजे तिकडच्या फुटबॉलचा, सामना लावायचा आणि शेडच्या उघड्या दारातून तासभर खाडी बघायचा. विजेच्या गाडीविषयीचं त्याचं मत तसूभरही बदललं नव्हतं. सीटविषयी मात्र त्याची तक्रार नव्हती.

आणि गाडीला झोपू द्यायचं होतं त्याचं काय? तर क्लॅरीच्या मते गाडी झोपलेलीच होती. तो कुठे ती चालवत होता? आयुष्यात त्याने कधी एखाद्या सीटला पेट्रोल पिताना पाहिलं नव्हतं. इंजिन पितं. सीटवर माणूस बसतो. चाळीस वर्षांचा अनुभव असा माणसाला मधूनच तोंडघशी पाडतो.

टेगनने त्याच्या फोनमध्ये गाडीचं ॲप घालून दिलं होतं. त्यात टक्के दिसायचे. आकडा घसरायला लागल्यापासून क्लॅरी तो दिवसातून दहा वेळा बघू लागला. सत्तेचाळीस. चव्वेचाळीस. एकेचाळीस. महिन्याला एकदाच लावायचा प्लग त्याने दोनदा लावला, तिसऱ्यांदा लावला, आणि प्रत्येक वेळी चोरी केल्यासारखा इकडेतिकडे बघत लावला. कारण टेगनच्या फोनमध्येही तेच ॲप होतं, आणि तळावर इंटरनेट होतं. तिकडे बर्फात बसून उंटावरून शेळ्या हाकणं तिला सहज जमण्यासारखं होतं. पण रविवारी तिचा फोन यायचा तेव्हा ती गाडीचं नावही काढायची नाही.

"कसा आहेस?"

"मस्त."

"जेवतोस?"

"जेवतो."

"छाती?"

"जागेवर आहे."

दोन मिनिटांत फोन बंद. ती विचारत नाही, म्हणजे मनात टिपून ठेवतेय, असा क्लॅरीने अर्थ काढला. नोव्हेंबरात सगळं एकदम काढणार. तिची आईही असंच करायची.

मग त्याने चोर शोधायला घेतला. आधी संशय गेला पॉसमवर. रात्री शेडच्या छपरावर धिंगाणा घालणारा तो प्राणी वायर कुरतडत असेल. पण वायर धड होती. मग थंडीवर. मग डार्सी वूलीवर, कारण डार्सी त्याच्या हाताखाली तयार झालेला मेकॅनिक होता आणि त्याने आता विजेची करवत घेतली होती. डार्सी पन्नाशीचा सद्गृहस्थ, गावाच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाचा प्रमुख. तो करवत चार्ज करायला दुसऱ्याच्या शेडमध्ये शिरेल हे क्लॅरीलाही पटत नव्हतं. पण घर जायची वेळ आली की माणसाला कोणाचाही संशय येतो. शेवटी त्याने कागदावरचा नियम मोडून राखणीचा कॅमेरा चालू केला. चोवीस तासांत चोर सापडेल म्हणून. चोवीस तासांनी बघतो तर आठ टक्के गायब, आणि चित्रात एकच माणूस: थर्मास घेऊन येणारा क्लॅरी पायबस. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, पण कुठलं कुंपण ते त्याच्या लक्षात आलं नाही. कॅमेरा बंद केला. आकडा सव्वीसवर होता.

त्या शनिवारी तो नाइलाजाने पोस्टात गेला.

नाइलाजाने अशासाठी की ऊना डिरीन ही त्याच्या गॅरेजपुढच्या पेट्रोलपंपाचं शेवटचं गिऱ्हाईक. गावातले बाकी सगळे मोठ्या रस्त्यावरच्या स्वस्त पंपावर जाऊ लागले तरी ऊना टपालाची गाडी घेऊन इमानाने त्याच्याकडे यायची. मग सहा वर्षांपूर्वी तिने टपालासाठी छोटी विजेची व्हॅन घेतली आणि पुढच्या महिन्यात क्लॅरीने पंपाला कुलूप लावलं. तेव्हापासून तो तिला 'गुड मॉर्निंग' म्हणायचा, त्यापुढे काही नाही.

"तिकिटं?" ऊनाने विचारलं.

"नको."

"पार्सल काही आलं नाही तुझं."

"माहीत आहे."

"मग हीटरपाशी ऊब घ्यायला आलायस? सहा वर्षांनी थंडी वाजली का?"

क्लॅरीने शुभेच्छापत्रांचा स्टँड एकदा फिरवला. "एका माणसाच्या गाडीबद्दल विचारायचं होतं."

"कुठल्या माणसाच्या?"

"तू ओळखत नाहीस."

"गावात एकशे दहा माणसं. सगळ्यांची पत्रं माझ्या हातातून जातात. पण राहिलं, नसेन ओळखत. काय झालंय त्याच्या गाडीला?"

ताकाला जाऊन भांडं लपवायचं तर ते निदान पाठीमागे तरी लपवावं. क्लॅरीने ते डोक्यावरच धरलं होतं. त्याने टक्क्यांची सगळी हकिगत सांगितली. ऊनाने पेन खाली ठेवलं.

"तो माणूस गाडीचं दार उघडतो का रे?"

"दिवसातून एकदा. नुसता बसायला."

"सीट गरम करतो?"

क्लॅरी स्टँडवरचं एक कार्ड वाचू लागला. ते बारशाचं होतं. "पाठीला बरं वाटतं त्याच्या," तो म्हणाला.

"आणि फोनवर आकडा किती वेळा बघतो?"

"कधीतरी."

"कधीतरी म्हणजे?"

"चहा करताना. पिताना. पिऊन झाल्यावर."

ऊना इतकी हसली की तिला चष्मा काढून पुसावा लागला. "अरे गाढवा, चोर तूच की! म्हणजे तो. त्या माणसाला सांग, दार उघडलं की गाडी जागी होते. तिचे कॉम्प्युटर, तिचे पंप, सगळं घरदार उठून बसतं आणि नंतर बराच वेळ झोपत नाही. सीट तर सरळ बॅटरीच खाते. आणि फोनवरून नुसतं विचारलं, 'झोपलीस का गं?' तरी ती उठते आणि सांगते, 'हो, झोपलेय.' तान्ह्या पोराला तासातासाला हलवून विचारलंस झोप लागली का, तर लागेल का झोप?"

"कागदावर असं लिहिलं नव्हतं."

"काय लिहिलं होतं?"

"झोपू दे म्हणून."

"आणखी काय लिहायला हवं होतं, अंगाईगीत?" ऊनाने डोळे पुसले. "हात लावायचा नाही, बघायचं नाही. आठवडाभर करून बघ म्हणावं. मी सोमवारी बहिणीकडे लॉन्सेस्टनला चाललेय, पुढच्या शनिवारी येईन. आल्यावर सांग. आणि क्लॅरी, त्या माणसाला म्हणावं, सहा वर्षं तोंड फुगवून बसण्यापेक्षा आधी विचारलं असतंस तर पाठही वाचली असती."

काही झालं तरी दोष सापडला होता, आणि दोष सापडला की मेकॅनिकला निम्मं बरं वाटतं. रविवारी त्याने गाडी पन्नासवर आणली, टेगनला दोन मिनिटांत 'मस्त' सांगून टाकलं, आणि सोमवारी सकाळी शेडला कडी घातली. राहता राहिला फोन. क्लॅरी स्वतःला चांगला ओळखून होता. फोन खिशात असला की बोट ॲपवर जाणारच. नुसतं ॲप काढून टाकावं, तर ते परत कसं घालायचं हे त्याला माहीत नव्हतं. तेव्हा त्याने फोनच बंद केला, बिस्किटांच्या डब्यात घातला आणि डबा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला. घरात दुसरा फोन नव्हता. रविवारी टेगनच्या वेळेला काढू की, त्यात काय! गाडी झोपवायची तर अशी झोपवावी.

चार वाजले की पाठ ओरडायची. त्यावर त्याने टबात गरम पाणी भरून डुंबत राहण्याचा तोडगा काढला. दिवसा सफरचंदाची झाडं छाटायची, चारला टबात. मंगळवारी तो आनंदात होता. बुधवारी सकाळी शिडीच्या चौथ्या पायरीवर त्याला चक्कर आली. हातातली कात्री पडली, फांदी हाताला लागली म्हणून तो पडला नाही. कसाबसा उतरला आणि झाडाखाली ओल्या गवतात अर्धा तास बसून राहिला. हाक मारण्याएवढं जवळ कोणी नव्हतं. असतं तरी त्याने मारली असती असं नाही. उठल्यावर त्याने शिडी शेडच्या भिंतीला लावली आणि ही गोष्ट विसरायचं ठरवलं.

गुरुवारी पाचच्या सुमाराला तो अजून गळ्यापर्यंत गरम पाण्यात होता. दूरवर सायरन वाजला. कोणाच्या तरी घराचं धुराडं पेटलं, असं त्याला वाटलं. सायरन जवळ आला. अंगणात आला. मग मागच्या दाराशी धडाम असा आवाज झाला, पाठोपाठ लाकूड फाटल्याचा, आणि जड बुटांचे आवाज स्वयंपाकघर, पुढची खोली असं करत न्हाणीघरापर्यंत आले. दार उघडलं. पिवळं हेल्मेट, हातात कुऱ्हाड, डार्सी वूली.

"मालक," डार्सी धापा टाकत म्हणाला, "जिवंत आहात?"

"आहे. दार लाव, गारठा येतोय."

"आहेत रे, जिवंत आहेत!" डार्सी मागे ओरडला. मागून चार जणांनी आनंदाने कल्ला केला.

"मागचं दार फोडलंस?"

"फोडलं."

"त्याला कुलूप नव्हतं, डार्सी. चाळीस वर्षांत कधी नव्हतं. नुसतं ढकलायचं."

डार्सीने हेल्मेट काढलं. "घाईत सुचलं नाही. टेगनचा फोन आला, बाबा मेले म्हणून."

"कोण मेला?"

"तिला तसं वाटलं. ती फोनवरच आहे अजून." त्याने खिशातून फोन काढून टबाकडे धरला. "तुम्हीच सांगा तिला. मी सांगितलं तर विश्वास बसायचा नाही. रडतेय ती."

क्लॅरीने बायकोचा जुना जाड झगा अंगावर चढवला, कारण तोच हाताशी होता, आणि फोन घेऊन बाहेर आला. स्वयंपाकघरात चौघांनी एव्हाना किटली चढवली होती आणि फुटलेल्या दाराविषयी मतं द्यायला सुरुवात केली होती. तिथे बोलणं शक्य नव्हतं. तो अनवाणी पायांनी अंगण ओलांडून शेडमध्ये गेला, गाडीचं दार उघडलं, आत बसला आणि दार ओढून घेतलं.

"आलास गाडीत," फोनमधून टेगनचा आवाज आला. नाक चोंदलेलं होतं. "दिसलं मला."

"काय दिसलं?"

"दार उघडलेलं! चार दिवस दार उघडलं नाही. सोमवारी मी म्हटलं, असेल काही काम. मंगळवारी फोन केला, बंद. काल बंद. आज बंद. ऊनाचा लागेना. चार दिवस, बाबा! मी इथून काय करू? पोहत येऊ?"

"कुठलं दार, टेगन?"

"गाडीचं दार. ॲपमध्ये दिसतं, कधी उघडलं, कधी लावलं. मे महिन्यापासून रोज चारला उघडायचं. चार वाजून पाच, चार वाजून दहा. तासाभराने बंद. ते दिसलं की मला कळायचं, चला, आज उठलाय, चालत शेडपर्यंत गेलाय. त्याआधी मी ऊनाला चोरून फोन करायचे. मेपासून ते बंद केलं. तू फोनवर 'मस्त' म्हणतोस त्यावर मी विश्वास ठेवायचा? इस्पितळातूनही 'मस्त'च म्हणाला होतास. ते दार तरी खोटं बोलत नाही."

 क्लॅरीला राग आला होता, आणि त्या रागाखाली आणखी काहीतरी आलं होतं ज्याला काय म्हणतात ते त्याला माहीत नव्हतं. नजर कुठेतरी ठेवायची म्हणून त्याने समोरच्या पडद्याकडे पाहिलं. त्यावर एकेचाळीस आकडा होता.

"एकेचाळीस!" तो किंचाळला. "रविवारी पन्नास होते! मी हातही लावला नाही!"

मग त्याला बिस्किटांचा डबा आठवला, आणि टेगनच्या फोनमधलं तेच ॲप.

"टेगन. तू दिवसातून किती वेळा बघतेस?"

"कधीतरी."

"कधीतरी म्हणजे?"

"उठल्यावर," टेगन म्हणाली. "जनरेटरची फेरी झाली की. जेवताना. झोपताना. मधेमधे. या चार दिवसांत जरा जास्त."

"म्हणजे तीन टक्क्यांतले अर्धे तुझे होते! चोराच्या उलट्या बोंबा! मला कागदावर लिहून देतेस, झोपू दे म्हणून, तेही खाली दोन रेघा मारून! मी इथे पुठ्ठे घालतोय, पॉसमला शिव्या देतोय, त्या बिचाऱ्या डार्सीवर..."

ती हसत होती. मग ते हसणं नव्हतं. "इथे सूर्य बघून पाच आठवडे झाले, बाबा," ती म्हणाली. "माणसं सतरा. त्यातली सोळा मला आता नकोशी झालीत आणि सतरावी मीच. ते दार उघडलं की वाटायचं, चार वाजले, बाबा चहा घेऊन बसला. तू बसलायस एवढंच मला बघायचं असायचं. बॅटरी गेली खड्ड्यात."

क्लॅरीने पडद्यावरच्या सीटच्या चित्राकडे बोट नेलं आणि मागे घेतलं. 

"आता खरं सांग," टेगन म्हणाली. "कसा आहेस?"

'मस्त' अगदी ओठांवर आला होता. चाळीस वर्षं गाड्यांविषयी खरं आणि स्वतःविषयी खोटं बोलायची जिभेला सवय. मस्त म्हटलं की घर वाचत होतं, झाडं वाचत होती, पुढची खोली वाचत होती. बाहेर अंगणात डार्सी कोणाला तरी सांगत होता की बिजागरी मी स्वतः बसवून देईन. क्लॅरीने झग्याच्या बाह्या मनगटापर्यंत ओढल्या.

"काल शिडीवर चक्कर आली," तो म्हणाला. "चौथ्या पायरीवर. पडलो नाही. पण अर्धा तास झाडाखाली बसून होतो. कोणाला सांगितलं नाही. याआधीही एकदा आली होती, एप्रिलमध्ये. तीही नाही सांगितली." त्याने स्टिअरिंग धरलं. "भीती वाटली गं मला."

 लाइन तुटली की काय असं वाटून त्याने फोन कानावर दाबला. तुटली नव्हती. तिकडे कुठेतरी जनरेटर घरघरत होता.

"मग आता बॅग भरू?" त्याने विचारलं.

"डॉक्टरकडे उद्या सकाळी डार्सी घेऊन जाईल. मी बोलते त्याच्याशी. बॅगेवरून आपण नोव्हेंबरात भांडू, समोरासमोर." तिने नाक ओढलं. "आता किती आहे?"

"काय?"

"बॅटरी."

"चाळीस."

"तीस होईपर्यंत बोल," टेगन म्हणाली. "एप्रिलपासून सुरू कर. काही गाळू नकोस."

क्लॅरीने सीट तापवली, पाठ टेकली आणि एप्रिलपासून सांगायला सुरुवात केली.